जुनं खरं धरायचं की नवं? साय-फाय मालिकेतल्या विसंगती मी कशा सोडवतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला तो बरोबर कळलाय की नाही ते तुम्हालाच दिसेल. मूळ मालिका पाच सीझन चालून संपली, आता तुम्ही तिच्या प्रीक्वेलच्या, म्हणजे तिच्या आधीच्या काळातल्या मालिकेच्या, रायटर्स रूममध्ये आहात. मूळ मालिकेच्या पहिल्याच सीझनमध्ये कॅप्टनच्या तोंडी वाक्य आहे की वेढा पडायच्या आधी एकाही माणसाने या शत्रूला डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि आता निर्मात्यांना असा सीन हवाय की तुमची नायिका त्याच्या चाळीस वर्षं आधी त्यांच्यातल्या एकाला भेटते. शिवाय एका म्हाताऱ्या ॲडमिरलचं वय दोन एपिसोडमध्ये अकरा वर्षांनी वेगळं निघतं, आणि मुख्य तळ ते सीमा हा प्रवास कधी तीन दिवसांत होतो तर कधी तीन आठवडे लागतात. रूममध्ये दोन तट पडलेत, एक म्हणतो जे आधी दाखवलं तेच खरं, दुसरा म्हणतो शेवटचं दाखवलं ते खरं, आणि तुम्ही विचारताय की या धंद्यात नियम काय आहे.

नियम आहेत, पण ते तुमच्या कामाचे नाहीत. मोठ्या फ्रँचाइजी कुठलं माध्यम धरायचं ते ठरवतात. स्टार ट्रेकमध्ये साधारण असं मानतात की पडद्यावर आलं ते खरं, कादंबऱ्या आणि कॉमिक्स धरायचे नाहीत. स्टार वॉर्सवाल्यांनी २०१४ साली तोवरच्या सगळ्या जोडकादंबऱ्या वेगळ्या काढून त्यांना 'लेजंड्स' असं लेबल लावलं. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेसाठी तर काय खरं धरायचं याची अधिकृत यादीच बीबीसीने काढलेली नाही. पण या सगळ्यातून पुस्तक विरुद्ध पडदा एवढंच भांडण मिटतं. तुमच्याकडे पडदा विरुद्ध पडदा आहे, तिथे नियम संपतो आणि कुणीतरी बसून विचार करावा लागतो.

मी आधी स्क्रिप्ट कोऑर्डिनेटर आणि मग स्टोरी एडिटर म्हणून बरीच वर्षं हेच करत आलोय, त्यामुळे मला एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. जुनं की नवं हा प्रश्न विचारला की आपण दोन्ही वाक्यांना सारखंच वजन देतो, आणि गडबड तिथेच होते. जुन्या घरातली भिंत पाडायची असेल तर ती कधी बांधली हे कुणी विचारत नाही, तिच्यावर छत टेकलंय का ते बघतात. तसंच इथे बघायचं, की त्या जुन्या वाक्यावर प्रेक्षकाची कुठली भावना टेकलेली आहे. काही वाक्यांवर अख्खा एपिसोड उभा असतो. काही वाक्यं नुसती बोलायची म्हणून बोललेली असतात, ती उद्या बदलली तरी कुणाचं काही तुटत नाही.

हे मला सगळ्यात स्वच्छ दिसतं ते स्टार ट्रेकच्या १९६६ सालच्या 'बॅलन्स ऑफ टेरर' या एपिसोडमध्ये, आणि तुमचा पेच जवळजवळ तोच आहे. त्यात सांगितलंय की शंभर वर्षांपूर्वी पृथ्वीचं रोम्युलन या परग्रही लोकांशी युद्ध झालं, तह रेडिओवरून ठरला, आणि कुठल्याही माणसाने रोम्युलनचा चेहरा पाहिलेला नाही. आता हे वाक्य कशासाठी आहे? तर पुढे पडद्यावर पहिल्यांदा रोम्युलन कमांडरचा चेहरा येतो आणि तो जहाजावरच्या स्पॉक या परग्रही वंशाच्या अधिकाऱ्यासारखा दिसतो, तसेच कान, तशाच भुवया. ज्याच्या घरची माणसं त्या युद्धात गेली असा एक अधिकारी तिथेच बसलाय, तो मान वळवून स्पॉककडे बघतो आणि त्या क्षणापासून स्पॉक त्याच्या नजरेत संशयित होतो. चेहरा आधी कुणी पाहिलेला नव्हता या एका गोष्टीवर तो अख्खा एपिसोड उभा आहे. त्याच एपिसोडमध्ये शत्रूचं जहाज अदृश्य होतं, आणि अदृश्य होणं हे तोवर फक्त कागदावर शक्य होतं अशा अर्थाचं बोलणंही आहे. ते पण जुनंच, तितकंच अधिकृत, त्याच एपिसोडमधलं.

मग २००१ साली 'एंटरप्राइज' ही प्रीक्वेल आली, जिची गोष्ट त्याच्या शंभर वर्षं आधी घडते, आणि २००२ मध्ये 'माइनफिल्ड' नावाच्या एपिसोडमध्ये त्यांनी रोम्युलन आणले. त्यांनी काय केलं बघा. रोम्युलनांचा फक्त आवाज ऐकवला, चेहरा दाखवला नाही. पण जहाज मात्र अदृश्य होताना दाखवलं. म्हणजे एकाच जुन्या एपिसोडमधली एक गोष्ट जपली आणि दुसरी मोडली. दुसरीबद्दल फॅन लोक चिडले, आणि माझ्या मते ती चूकच होती, अदृश्य न करताही तो एपिसोड चालला असता. पण ती पचली, कारण १९६६ चा एपिसोड आज पुन्हा लावला तर तो अजूनही तितकाच चालतो. चेहरा दाखवला असता तर तो मेला असता. पुढे शेवटच्या सीझनमध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं, रोम्युलनांचे चेहरे प्रेक्षकांना दाखवले पण मालिकेतल्या माणसांना दिसू दिले नाहीत. मला हा हिशोब फार आवडतो, कारण जुनं वचन पात्रांना काय माहीत होतं याबद्दल होतं, प्रेक्षकाला काय माहीत आहे याबद्दल नव्हतं, आणि चाळीस वर्षांनी प्रेक्षकाला तो चेहरा माहीत असणारच.

तर तुमच्या कॅप्टनच्या वाक्याकडे या नजरेने बघा. तो एपिसोड काढा आणि शोधा की 'कुणी पाहिलेलं नव्हतं' याच्यावर पुढे कोण काय करतं. कुणी घाबरतं का, कुणी चुकीचा निर्णय घेतं का, वेढ्यातला पहिला सामना त्या अज्ञानामुळेच हरतात का. तसं असेल तर ते वाक्य छत पेलतंय, त्याला हात लावायचा नाही. तसं नसेल, ते नुसतं ब्रीफिंगमधलं एक वाक्य असेल आणि त्यानंतर कुणालाच त्याचं काही पडलेलं नसेल, तर कॅप्टनला जेवढं शिकवलं होतं तेवढं ती बोलली, बस. माणसं स्वतःच्या इतिहासाबद्दल चुकीचं बोलतातच. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला पहिला प्रकार वाटतोय, पण मी एपिसोड पाहिलेला नाही त्यामुळे हे तुम्हीच बघून ठरवायचं.

समजा पहिला प्रकार आहे. तरी तुमचा भेटीचा सीन मरत नाही. 'एंटरप्राइज'ने याच प्रकारचे आणखी दोन प्रयोग केलेत. २००२ मध्ये 'ॲक्विझिशन' या एपिसोडमध्ये फेरेंगी नावाचे परग्रही आले, ज्यांना खरं तर १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या काळातल्या मालिकेत पहिल्यांदा समोरासमोर भेटायचं होतं. २००३ मध्ये 'रिजनरेशन'मध्ये बोर्ग हे दुसरे परग्रही आले, ज्यांच्याशी 'नेक्स्ट जनरेशन'च्या कॅप्टन पिकार्डची पहिली गाठ १९८९ च्या एपिसोडमध्ये पडते आणि तिथे तो त्यांना अजिबात ओळखत नाही. दोन्ही वेळा युक्ती एकच, पाहुण्यांनी आपलं नाव सांगायचं नाही. पण दोन्हीत एक भोक राहिलंय. त्या लोकांना पाहिलं होतं, जहाजावर नोंदी होत्या, मग दोनशे वर्षांनी कुणी जुन्या फायली काढून का बघितल्या नाहीत? 'रिजनरेशन' तरीही मला दोघांत फार उजवा वाटतो, कारण तो शेवटी सांगतो की त्या लोकांनी पाठवलेला सिग्नल त्यांच्या दूरच्या प्रदेशात पोचायला दोनशे वर्षं लागतील, आणि तिथे आपल्या अंगावर काटा येतो कारण दोनशे वर्षांनी काय होणार ते आपल्याला माहीत आहे. नवीन भागाने जुन्या भागाचं ओझं वाढवलं नाही, त्याची भीती वाढवली.

म्हणून नाव लपवणं तुम्हाला पुरणार नाही, नोंदीचं भोक बुजवावं लागेल. आणि ते बुजवायला दोन साहित्यं मिळतात, एक म्हणजे हुकूम आणि दुसरं म्हणजे स्वभाव. हुकूम म्हणजे वरून आदेश आला की हे कुणी बोलायचं नाही. स्टार ट्रेकच्याच 'डिस्कव्हरी' या मालिकेने हे केलं. २०१७ मध्ये त्यांनी स्पॉकला एक दत्तक बहीण दिली, जिचा त्याने पन्नास वर्षांत कधी उल्लेख केला नव्हता, आणि २०१९ मध्ये दुसऱ्या सीझनच्या शेवटी ठरतं की तिचा आणि 'डिस्कव्हरी' या जहाजाचा विषय यापुढे कुणी काढायचा नाही. कागदावर हिशोब जुळतो. पण मला विचाराल तर त्याची गरज अर्धीच होती, कारण स्पॉकचा स्वभावच तसा आहे. १९६७ मधल्या एका एपिसोडमध्ये त्याचे आईवडील जहाजावर येतात आणि हे त्याचे वडील आहेत हे खुद्द कॅप्टन कर्कला तिथे उभं राहिल्यावर कळतं. १९८९ च्या सिनेमात अचानक सावत्र भाऊ निघतो, तोही कुणाला माहीत नसतो. हा माणूस घरचं बोलत नाही, हे प्रेक्षकाने आधीच बघितलेलं आहे, त्यामुळे तिसऱ्यांदा तो बोलला नाही यावर विश्वास ठेवायला हुकूम लागत नाही.

तुमच्या नायिकेला हाच दुसरा रस्ता द्या असं मी म्हणेन. ती भेटीबद्दल का बोलली नाही याचं कारण तिच्यातच हवं. तिने त्या जिवाला जाऊ दिलं असेल आणि ते कबूल केलं तर तिच्या पथकाचं मरण तिच्या डोक्यावर येत असेल. किंवा तिने सांगितलं आणि कुणी विश्वास ठेवला नाही, आणि तिने पुन्हा तो विषय काढला नाही. असं केलंत तर कॅप्टनचं चाळीस वर्षांनंतरचं वाक्य नुसतं खरं राहत नाही, ते ऐकताना प्रेक्षकाला तुमची नायिका आठवते. विसंगती मिटली की नाही हे मी अशानेच ओळखतो, जुना सीन पुन्हा बघताना तो आधीपेक्षा जड वाटला पाहिजे, निदान हलका तरी व्हायला नको.

हे मी कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही, एका मालिकेत अंगावर आलं तेव्हा शिकलो. पहिल्या सीझनमध्ये आमचा इंजिनिअर सांगतो की त्याची आई वसाहतीतल्या आगीत गेली. तिसऱ्या सीझनमध्ये नव्या लेखिकेने सुंदर सीन लिहिला, त्याची आई कॉलवर त्याच्याशी बोलते. लेखिकेला जुनं माहीत नव्हतं, आणि मी नोंद उघडून लगेच तोडगा दिला की सावत्र आई म्हणा, एका शब्दात काम होतं. सगळ्यांना पटलं. मग दिग्दर्शकाने शांतपणे विचारलं की तू पहिल्या सीझनचा तो सीन शेवटचा कधी बघितलास. मी बघितला नव्हता, मी फक्त माझी नोंद वाचली होती. आम्ही तो लावला. त्या सीनमध्ये तो आगीबद्दल पायलटला सांगतो, आणि त्याच रात्रीपासून त्या दोघांची मैत्री सुरू होते जिच्यावर पुढचे दोन सीझन चालले. सावत्र आईने हिशोब जुळला असता, पण त्या रात्रीचं एकटेपण पातळ झालं असतं, कारण मग घरी फोन करायला कुणीतरी होतं. शेवटी कॉलवर आम्ही त्याची मावशी आणली, जी आगीनंतर त्याच्याशी कधी नीट बोलू शकली नव्हती, आणि त्या सीनमध्ये ती पहिल्यांदा आपल्या बहिणीचं नाव घेते. लेखिकेने फक्त चार वाक्यं बदलली. त्यानंतर नोंद वाचून मी एकही निर्णय दिलेला नाही, आधी सीन बघतो, आणि शक्य असेल तर तो एपिसोड पूर्ण बघतो.

आता ॲडमिरलचं वय. हे तुलनेने सोपं आहे, फक्त तारखांमध्ये माणसं फार अडकतात. मूळ स्टार ट्रेकला आपण कुठल्या शतकात आहोत हेच नक्की नव्हतं. १९६७ च्या सुरुवातीला साधारण महिन्याभराच्या अंतराने आलेले दोन एपिसोड बघा, 'स्क्वायर ऑफ गॉथोस'मधल्या बोलण्यावरून हिशोब केला तर अठ्ठाविसावं शतक येतं आणि 'स्पेस सीड'मध्ये खान हा खलनायक गोठलेल्या झोपेत दोन शतकं होता असं म्हणतात, म्हणजे बाविसाव्याच्या आसपास. पुढे १९८८ मध्ये 'नेक्स्ट जनरेशन'च्या पहिल्या सीझनच्या शेवटी डेटा नावाचा यंत्रमानव स्पष्ट सांगतो की साल २३६४ आहे. तो एक खुंटा ठोकला गेला आणि मग पुढच्यांनी सगळं त्याच्यापासून मोजायला सुरुवात केली, 'गॉथोस'चं गणित कुणी खोडून काढत बसलं नाही, ते मागे पडलं.

तुम्हीही तेच करा. ॲडमिरलच्या दोन वयांपैकी कुठल्याशी एखादी घटना बांधलेली आहे ते बघा. समजा त्याने वेढ्यात मुलगा गमावला आणि मुलाचं वय सांगितलंय, तर ते वय खुंटा, आणि दुसरं वय गप्पांमधलं. दोन्हीशी काहीच बांधलेलं नसेल तर तुमच्या गोष्टीला सोयीचं घ्या आणि यापुढे त्याचं वय आकड्यात कुणी बोलणार नाही एवढं बघा. त्यासाठी खुलासा लिहू नका. अकरा वर्षांचा खुलासा ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो प्रश्न पडलेलाच नसतो, तुम्हीच त्यांच्या हातात देता.

तारीख स्वतःच छत पेलतेय असं वाटतं, पण तसं नसतं, अशीही उदाहरणं आहेत. 'स्पेस सीड'ने सांगितलं की खानची राजवट आणि ती मोठी युद्धं १९९० च्या दशकात झाली. मग खरं १९९० चं दशक येऊन गेलं. पात्राचा जीव कशात आहे, तर तो पृथ्वीवरचा हुकूमशहा होता, हरला, पळाला आणि गोठून पडला यात, सालात नाही. २०२३ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या स्टार ट्रेक मालिकेने दाखवलं की काळात मागे येऊन ढवळाढवळ करणाऱ्यांमुळे त्या घटना पुढे सरकल्या, आणि खान एकविसाव्या शतकात टोरोंटोमध्ये अजून लहान मुलगा आहे. तारीख हलली, खान राहिला. आणि विशेष म्हणजे तो खुलासा नुसता खुलासा म्हणून येत नाही, त्याच खानच्या वंशातली एक मुलगी त्या लहान मुलासमोर उभी असते आणि तिला ठरवायचं असतं की पुढे काय करायचं. खुलाशाच्या पोटात निर्णय होता म्हणून तो बघवतो.

आणि काही तारखा सोडून द्यायच्या असतात. 'डॉक्टर हू'मध्ये युनिट नावाच्या संघटनेच्या गोष्टी सत्तरच्या दशकात घडतात की ऐंशीच्या, यावर फॅन कित्येक वर्षं वाद घालतायत. १९७५ च्या एका गोष्टीत डॉक्टरची साथीदार सारा जेन म्हणते ती १९८० मधली आहे, आणि १९८३ च्या गोष्टीत युनिटचा प्रमुख ब्रिगेडियर १९७७ लाच निवृत्त झालेला दाखवलाय. कुठलंही गणित करा, जमत नाही. २००८ मध्ये मालिकेचा नायक डॉक्टर स्वतःच म्हणतो की ते सत्तरच्या दशकात होतं की ऐंशीच्या, आणि पुढे निघून जातो. माझ्या मते हेच बरोबर उत्तर आहे, कारण त्या गोष्टी साल माहीत नसतानाही उत्तम चालतात. उलट त्याच मालिकेत १९७६ साली सांगितलं गेलं की टाइम लॉर्डला, म्हणजे डॉक्टरच्या जमातीतल्या कुणालाही, मरताना बारा वेळाच नवं रूप घेता येतं. ही संख्या प्रेक्षक मोजत होते, ती मृत्यूची मर्यादा होती. तिच्यावरून मालिका 'कुणीतरी चुकीचं बोललं होतं' म्हणत सरकली असती तर फसवणूक झाली असती. २०१३ मध्ये त्यांनी डॉक्टरला त्या मर्यादेपर्यंत खरंच आणलं, म्हातारा केला, मरायला टेकवला, आणि मग त्याला नवं चक्र मिळालं. मर्यादा मान्य करून मग ती ओलांडली.

प्रवासाच्या वेळेचंही असंच आहे पण इथे मी जास्त बेफिकीर राहायला सांगेन. जहाजाचा वेग हा गोष्टीच्या गरजेने चालतो, हे सगळ्याच साय-फाय मालिकांत होतं. मूळ स्टार ट्रेकमध्ये वॉर्पचे, म्हणजे प्रकाशापेक्षा जास्त वेगाचे, आकडे ११ आणि १४.१ पर्यंत गेले, १९८७ पासून मोजपट्टी बदलून वॉर्प १० म्हणजे अनंत वेग असं ठरलं, आणि १९९४ मध्ये 'नेक्स्ट जनरेशन'च्या शेवटच्या एपिसोडमध्ये भविष्यात पुन्हा वॉर्प १३ ऐकू येतं. काही बिघडलं नाही. १९८९ च्या सिनेमात एंटरप्राइज हे जहाज आकाशगंगेच्या मध्यापर्यंत आरामात जाऊन येतं, आणि सहाच वर्षांनी 'व्हॉयेजर' या मालिकेत ७०,००० प्रकाशवर्षं म्हणजे जवळपास ७५ वर्षांचा परतीचा प्रवास. दोन्ही एका विश्वात बसत नाहीत. 'व्हॉयेजर'ने त्यावर एक शब्दही खर्च केला नाही आणि ते शहाणपणाचं होतं, कारण तिथे अंतर हीच गोष्ट होती, घर लांब आहे एवढंच खरं धरायचं होतं. त्याच मालिकेने दुसरीकडे मात्र मार खाल्ला. पहिल्या सीझनमध्ये सांगितलं की ३८ टॉर्पेडो आहेत आणि संपले की नवे मिळणार नाहीत. असा आकडा सांगितला की लोक मोजतात, आणि लोकांनी मोजले, आणि जहाजाने त्यापेक्षा जास्त डागले. इथे ३८ या आकड्यापेक्षा तुटवड्याचं वचन मोडलं, आणि म्हणूनच ते अजून खुपतं.

त्यामुळे तुमच्या तीन दिवस आणि तीन आठवड्यांत मी हे बघेन की कुठल्या गोष्टीत मदत वेळेत पोचत नाही म्हणून कुणी मरतं. तो प्रवास तीन आठवड्यांचाच राहणार. तीन दिवसांचा प्रवास जिथे आहे तिथे बहुतेक कुणीतरी नुसतं येऊन पोचतं, तिथे तुम्ही काही बोलू नका, आणि तुमच्या प्रीक्वेलमध्ये मदत तीन दिवसांत कधीही पोचवू नका. एवढं केलं तरी पुरे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही पण ती येणारच, ती म्हणजे दिसणं. जुन्या मालिकेतला शत्रूचा मेकअप आणि तुमचा मेकअप वेगळा असेल. स्टार ट्रेकमधले क्लिंगॉन हे परग्रही १९६७ मध्ये गुळगुळीत कपाळाचे होते, १९७९ च्या सिनेमात त्यांना उंचवटे आले, कारण तेव्हा पैसे आणि साहित्य होतं. १९९६ मध्ये जुन्या एपिसोडच्या आत शिरणारी एक गोष्ट केली तेव्हा वॉर्फ या क्लिंगॉन अधिकाऱ्याला विचारतात की हे असे का दिसतात, तो म्हणतो आम्ही हे बाहेरच्यांशी बोलत नाही. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. २००५ मध्ये दोन एपिसोड खर्चून जनुकीय प्रयोगातून पसरलेल्या विषाणूचं कारण दिलं, ते चांगलं जमलं कारण त्यात क्लिंगॉनांची लाज होती, नुसती जीवशास्त्राची माहिती नव्हती. पण २०१७ मध्ये 'डिस्कव्हरी'ने त्यांना पुन्हा बदललं, आणि आता प्रत्येक बदलाला विषाणू शोधत बसणार का? दिसणं हे रंगभूमीवरच्या नेपथ्यासारखं समजा. प्रेक्षक समजून घेतो, जोवर पात्रं स्वतः त्याकडे बोट दाखवत नाहीत तोवर.

वेगळी टाइमलाइन करण्याचा मोह रूममध्ये कुणाला ना कुणाला होईल, म्हणून तेही सांगतो. २००९ च्या स्टार ट्रेक सिनेमाने ते केलं आणि चांगलं केलं, कारण जुन्या टाइमलाइनमधला म्हातारा स्पॉक, म्हणजे लिओनार्ड निमॉय, त्यांनी सोबत आणला, त्यामुळे जुनं सगळं कुठेतरी जिवंत राहिलं. पण तो नव्याने सुरुवात करणारा सिनेमा होता. एका वाक्यासाठी अशी फांदी फोडली तर तुमच्या प्रीक्वेलमध्ये जे काही घडेल त्याबद्दल प्रेक्षक विचारेल की हे माझ्या मालिकेत घडलं की नाही, आणि मग नायिकेच्या मरणालाही वजन राहणार नाही. माझा याला विरोध आहे, तुमच्या परिस्थितीत तर नक्कीच.

परिस्थितीवर अवलंबून असलेलंही काही आहे. मूळ कॅप्टनची अभिनेत्री पुन्हा यायला तयार असेल तर तिच्या तोंडी एक वाक्य टाकून खूप काही होऊ शकतं. तुमचा तो सीन शूट झालेला असेल तर पर्याय कमी होतात, पण पात्राची पाठ कॅमेऱ्याकडे असताना बोललेलं वाक्य डबिंगमध्ये बदलता येतं आणि मी ते बऱ्याचदा केलंय, एडिटरशी लवकर बोला. निर्माते त्या सीनवर अडून बसले असतील तर त्यांच्याशी 'हे कॅननमध्ये (अधिकृत मानलेल्या गोष्टीत) बसत नाही' असं बोलू नका, ते ऐकत नाहीत. त्यांना जुना सीन लावून दाखवा आणि सांगा की याचा दम जाईल. हे ऐकतात.

नोंदवही ठेवताना मी एपिसोड, सीन, कोण बोललं हे लिहितोच, पण सगळ्यात महत्त्वाचा रकाना असतो 'यावर पुढे कोणी काय केलं'. तो रिकामा असेल तर ती गोष्ट वाकवता येते. नोंद प्रसारित झालेल्या एपिसोडवरून करायची, शूटिंगच्या स्क्रिप्टवरून नाही, कारण डबिंगमध्ये आणि एडिटमध्ये वाक्यं बदलतात. मागच्या कॉम्प्युटर स्क्रीनवरचा मजकूर मी धरत नाही, 'नेक्स्ट जनरेशन'च्या जहाजाच्या नकाशात कलाविभागाने गंमत म्हणून बदक काढून ठेवलं होतं. आणि रूमला सगळी यादी एकदम देऊ नका, मी एकदा दिली होती आणि दोन दिवस कुणी काही लिहूच शकलं नाही. त्या आठवड्यात जे लिहितायत त्याला आडवं येणारं तेवढंच द्या.

आणि तुम्ही कॅप्टनच्या वाक्याबद्दल जो काही निर्णय घ्याल तो नोंदवहीत लिहिताना नुसता निकाल लिहू नका, कुठला सीन वाचवण्यासाठी तो घेतला ते पण लिहा. दोन सीझननंतर तुमच्या जागी दुसरं कुणी बसलेलं असेल आणि तिथे नवा लेखक येऊन विचारेल की नायिकेने ही भेट कुणालाच का सांगितली नाही, आणि त्या माणसाला कुठला एपिसोड लावून बघायचा ते कळलं पाहिजे.